बर्फात तापणारी गाडी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपल्या व्यवसायाविषयी काही लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा आम्हांला संकोच वाटला. आमच्याबरोबर वसतिगृहात राहिलेले कित्येकजण आज प्राध्यापक, अधिकारी, डॉक्टर आहेत. त्यांच्या लेखांच्या पंक्तीत यंत्रदुरुस्तीच्या लेखाने कोठे बसावे? शिवाय आम्ही ज्या वाहनाची दुरुस्ती करतो, ते आपल्या जिल्ह्यात कोणाच्या दारात उभे असण्याचा संभव नाही. परंतु या वाहनाचा एक विकार असा आहे की त्याचा उलगडा करताना आम्हांला वारंवार शाळेच्या विहिरीवरील इंजिन आठवले आहे. त्याच विकाराचे निदान चुकल्यामुळे एका रात्री दोन माणसांचे प्राण संकटात पडले होते, आणि ते निदान चुकविणारे आम्हीच होतो. म्हणून धीर करून लिहीत आहोत.

वाहनाचे नाव स्नोमोबाइल. गुलमर्गला जाऊन आलेल्या वाचकांनी ते पाहिले असेल. तेथे पर्यटकांना फिरविणारे लोक त्याला स्नो बाइक म्हणतात. सैन्यदलात गेलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांची नेमणूक सियाचिनकडे झाली असेल, त्यांना ते स्नो स्कूटर या नावाने परिचित असेल. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद अखंड पट्टा, वर मोटारसायकलीसारखी बैठक. इंजिन पट्टा फिरवते, पट्ट्यावरचे रबरी दात बर्फ मागे रेटतात आणि गाडी पुढे जाते. आम्ही आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केला, काही वर्षे पुण्यात नोकरी केली आणि नंतर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आलो. कोलंबिया नदीच्या काठी रेव्हलस्टोक नावाचे गाव आहे. त्याच्या सभोवारच्या डोंगरांवर हिवाळ्यात माणूस बुडेल इतका बर्फ साचतो, आणि त्या बर्फातून चढण्यासाठी लोक दूरदूरहून स्नोमोबाइल घेऊन येतात. त्या भागातील एका कार्यशाळेत आम्ही काम करतो.

आज हे वाहन बहुतांशी हौसेचे झाले आहे. त्याचा उगम मात्र हौसेतला नाही. क्वेबेक प्रांतातील व्हालकूर गावी जोसेफ-आर्मान बोंबार्दिये नावाचा मेकॅनिक राहत असे. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फाखाली गेलेले; रुग्णालयापर्यंत नेण्यास साधन नव्हते. मूल दगावले. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग तो त्यापूर्वीपासूनच करीत होता. त्यानंतर काही वर्षांतच त्याची पट्ट्यावर चालणारी, अनेक माणसांना नेणारी गाडी तयार झाली, आणि १९५९ मध्ये एकट्यादुकट्याने चालविण्याची लहान गाडी ‘स्की-डू’ या नावाने बाजारात आली. पावसाळ्यात ओढ्याला पूर येऊन तालुक्याचा रस्ता तुटलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या बापाची अवस्था समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता मूळ प्रश्न. सभोवती उणे वीस अंश तापमान, गाडी बर्फात अर्धी रुतलेली, आणि तरीही इंजिन तापून बंद पडते. हे कसे? आमच्या गावाकडच्या नातेवाइकांना ही गोष्ट सांगितली की ते हसतात. त्यांचे हसणे स्वाभाविक आहे. परंतु थंडीत असणे वेगळे आणि थंड होणे वेगळे. पेटलेल्या चुलीच्या चार हातांवर बर्फाची लादी ठेवली म्हणून चूल निवत नाही. उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी वाहून न्यावी लागते.

येथे विहिरीवरील इंजिनाकडे वळणे भाग आहे. आमच्या काळात वसतिगृहामागे विहीर होती आणि तिच्या काठावर पत्र्याच्या छपरीत डिझेल इंजिन व पंप. टाकी भरण्याची पाळी आठवड्यातून एकदा येई. त्या इंजिनाला रेडिएटर नव्हता. पंपाने वर ओढलेल्या पाण्यातलेच थोडे पाणी एका बारीक नळीने इंजिनाच्या कवचात जाई आणि दुसऱ्या बाजूने कोमट होऊन चरात पडे. थंडीच्या दिवसांत त्या कोमट पाण्याने तोंड धुण्यासाठी आमची झुंबड उडत असे. उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला, किंवा फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात, तो गळू लागला, की पंप हवा धरी, पाणी सोडी आणि काही मिनिटांतच इंजिन तापे. कार्यशाळेचे गुरुजी येत. इंजिनाला हातही न लावता त्या बारीक नळीच्या तोंडाशी बसत. पाणी येते का? आले तर गरम येते का? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज पान्याला हात लावू देत नसत.

स्नोमोबाइलची शीतनव्यवस्था याच जातीची आहे, म्हणजे ज्यात काम करायचे त्याच्याकडूनच थंडावा घ्यायचा. पूर्वीच्या गाड्या, आणि आजच्याही काही साध्या गाड्या, पंख्याच्या हवेवर थंड होतात. शक्तिशाली गाड्यांमध्ये कूलंट असतो. पाण्याचा पंप तो सिलिंडरभोवती व हेडमधून फिरवितो. तेथून थर्मोस्टॅट ओलांडून तो मागे जातो. मागचा रबरी पट्टा उलट्या पन्हळीसारख्या ॲल्युमिनियमच्या आच्छादनाखाली फिरतो. या आच्छादनाला कारागीर टनेल म्हणतात. टनेलच्या आतल्या अंगाला ॲल्युमिनियमच्या पोकळ, कंगोरेदार नळ्या बसविलेल्या असतात. त्यांना आपण शीतक म्हणू. फिरता पट्टा बर्फ उडवितो, तो शीतकांवर आदळून वितळतो, वितळताना उष्णता घेतो आणि पाणी होऊन गळून जातो. थंड झालेला कूलंट पुन्हा पंपाकडे परततो.

या योजनेची ताकद एका लहान हिशेबाने ध्यानात येईल. उणे १० अंशांचा १ किलो बर्फ शून्य अंशापर्यंत आणण्यास सुमारे २१ किलोज्यूल उष्णता लागते. तो वितळविण्यास आणखी ३३४. म्हणजे एकूण ३५५. याउलट १ किलो हवेचे तापमान ३० अंशांनी वाढविले तर ती जेमतेम ३० किलोज्यूल घेऊन जाते. समजा, जोराच्या चढावर कूलंटमध्ये दर सेकंदाला ५० किलोज्यूल उष्णता उतरत आहे. तर मिनिटाला सुमारे साडेआठ किलो बर्फ वितळला की काम भागते. भुसभुशीत बर्फात पट्टा याहून कितीतरी अधिक बर्फ उडवितो. परंतु हा बर्फ शीतकापर्यंत पोहोचला पाहिजे. गोठलेल्या तळ्यावर, किंवा शेकडो गाड्यांनी दाबून काचेसारख्या केलेल्या वाटेवर पट्ट्याखाली भुगाच नसतो. विहीर आटली!

म्हणून गाडी तापते अशी तक्रार आली की पहिली विचारपूस तापण्याच्या स्थळाची करावी. घट्ट वाटेवर तापते आणि मऊ बर्फात शिरताच निवते, असे उत्तर आले तर बहुधा गाडीत दोष नाही. अशा वाटेसाठी पट्ट्याच्या आतील रुळांना स्प्रिंगच्या पोलादाचे खरवडे जोडतात. ते जमिनीवरचा बर्फ खरवडून भुगा उडवितात. किंमत किरकोळ. तरीही खरवडे न लावता थर्मोस्टॅटपासून पंपापर्यंत सर्व काही बदलून घेतलेली गिऱ्हाइके आम्ही पाहिली आहेत.

मऊ बर्फातही तापत असेल तर गुरुजींचे दोन प्रश्न. इंजिन तापवून बंद करावे आणि शीतकांवर, त्यांना जोडलेल्या होज पाइपांवर हात फिरवावा. इंजिन तापलेले आणि शीतक आरंभापासून शेवटपर्यंत थंडगार, म्हणजे कूलंट तेथे येतच नाही. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, पंपाचा पंखा तुटला असेल, मार्गात हवा कोंडली असेल किंवा कोठेतरी कूलंटच गोठला असेल. शीतक सर्वत्र सारखेच गरम, म्हणजे उष्णता येते परंतु बाहेर जात नाही. बर्फ लागत नाही, अथवा इंजिन शीतकांच्या कुवतीबाहेर उष्णता निर्माण करीत आहे. आरंभी गरम व शेवटी थंड असेल तर हा भाग निर्दोष समजावा आणि शोध अन्यत्र न्यावा. हल्ली दुरून तापमान सांगणारे इन्फ्रारेड मापक मिळते. ते सोयीचे आहे, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर फसविते. खऱ्यापेक्षा बरेच कमी तापमान दाखविते. मोजण्याच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि त्यावर मोजावे. हे आम्हांला कोणी शिकविले नाही. एक निर्दोष पंप बदलल्यानंतर कळले.

कूलंटच्या मिश्रणाविषयीही गैरसमज पुष्कळ आहेत. एथिलीन ग्लायकॉल व पाणी समप्रमाणात घेतले तर मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते. निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते. त्यामुळे ‘थंडी फार आहे, पाणी नको, सगळे ग्लायकॉलच घाला’ हा शहाणपणा उलटतो. शिवाय उष्णता वाहण्यात पाणीच अधिक समर्थ. दुसऱ्या बाजूने, गळती भरून काढताना वाटेत कोणी नुसते पाणी घालत गेला की मिश्रण पातळ होते. रात्री मागच्या शीतकात त्याचा बर्फाळ चिखल होतो. सकाळी मार्ग बंद आणि इंजिन तापते. गोठल्यामुळे तापलेली गाडी! ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते; सांडलेले पुसून काढावे, मुलांच्या व कुत्र्यांच्या वाटेत ठेवू नये.

बाटलीचे झाकण ही क्षुल्लक वाटणारी वस्तू. समुद्रसपाटीपासून २,००० मीटर उंचीवर उघडे पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळते. आपल्या कळसूबाईच्या १,६४६ मीटर माथ्यावरही ते शंभरापर्यंत पोहोचत नाही. झाकण आतला दाब धरून ठेवते म्हणून उकळण्याचे तापमान वर सरकते. झाकणाचे रबर थकले की गाडी पायथ्याशी ठीक आणि माथ्यावर उकळते. सर्वांत स्वस्त भाग आधी तपासावा. गरम असताना झाकण उघडू नये, हे मोटार चालविणाऱ्या वाचकांना वेगळे सांगायला नकोच.

हा झाला मूळ घडणीच्या गाडीचा विचार. फेरफार केलेल्या गाडीची कथा निराळी. डोंगरावर चढणाऱ्या हौशी मंडळींना गाडी जशी मिळाली तशी कधीच पुरत नाही. कोणी टर्बोचार्जर बसवितो, कोणी हेड बदलून दाब वाढवितो, कोणी लांब व उंच दातांचा पट्टा घालतो, कोणी वजन कमी करण्यासाठी मागचा शीतकच कापून टाकतो. यांतील प्रत्येक फेरफार उष्णतेच्या जमाखर्चात ढवळाढवळ करतो, आणि तो करणारा मात्र केवळ अश्वशक्तीचा विचार करीत असतो. उंच दात टनेलच्या छताला घासून शीतकाला भोक पाडतात. पट्ट्यात पोलादी खिळे बसविले आणि टनेलला संरक्षक पट्ट्या लावल्या नाहीत तर तेच होते. आणि ती जागा नेहमी ओली असल्याने गळती दिसतही नाही. हेडखालच्या सीलमधून जळलेला वायू कूलंटमध्ये शिरू लागला तर थंड इंजिन सुरू करताच बाटलीत बुडबुडे येतात, होज पाइप पाहता पाहता दगडासारखे घट्ट होतात. त्या सिलिंडरचा स्पार्क प्लग शेजाऱ्यापेक्षा लख्ख निघाला, तर आत पाणी जाते असे समजावे. वाफेने तो धुतला जातो.

एक फेरफार तर असा की तो करणाऱ्याला आपण उपाय केला असे वाटते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. आता बर्फाने गारठलेला कूलंट थेट सिलिंडरवर येतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन लवकर तापून फुगतो, सिलिंडर थंडच राहतो, मधली फट नाहीशी होते आणि पिस्टन जाम होतो. असा पिस्टन बाहेर काढला तर घेराभोवती चार ठिकाणी उभे ओरखडे दिसतात. उष्णतेने भाजलेल्या पिस्टनवर बहुधा एक्झॉस्टच्या बाजूलाच दिसतात. थर्मोस्टॅटविषयी शंका असेल तर तो गरम पाण्याच्या भांड्यात तापमापकासह टांगून कधी उघडतो ते पाहावे. पाच मिनिटांचे काम आहे.

आता त्या रात्रीची हकीकत. आमच्याकडे येणारा एक सुतार, पन्नाशीचा, मितभाषी गृहस्थ. त्याच्या गाडीला दुसऱ्या एका कारागिराने टर्बोचार्जर बसविला होता आणि मागचा शीतक आखूड केला होता. गाडी तापते म्हणून अन्य ठिकाणी थर्मोस्टॅट व झाकण बदलून झाले होते. डिसेंबरात ती आमच्याकडे आली. तक्रार आम्हीच लिहून घेतली: ‘चढावर तापते’. दाब देऊन गळती तपासली, नव्हती. तरी संशयावरून हेड गॅस्केट बदलले, पंप बदलला. गाडी स्टँडवर घेऊन, फावड्याने शीतकांवर बर्फ टाकीत अर्धा तास चालविली. सपाट वाटेवर फिरवून आणली. तापमापक जागचा हलला नाही. आम्ही कागदावर ‘दुरुस्त’ असे लिहून स्वाक्षरी केली.

दोन दिवसांनी तो आपल्या पुतण्यासह डोंगरावर गेला. चढ चढताना पुतण्याची गाडी एका ओहोळाच्या घळीत रुतली. याने आपली गाडी वर उतारावरच, तोंड डोंगराकडे ठेवून बंद केली आणि खाली जाऊन ती काढण्याचा प्रयत्न केला. निघाली नाही. पंधरा मिनिटांनी परत येऊन स्वतःची गाडी सुरू केली. दोनशे-तीनशे मीटर गेल्यावर धोक्याचा दिवा लागला आणि लगेच इंजिन जाम झाले. डिसेंबरात तेथे चार वाजताच अंधारू लागते. उपग्रहावरून संदेश पाठविणारे उपकरण जवळ होते म्हणून त्यांचा ठावठिकाणा कळला. परंतु अंधारात त्या डोंगरात हेलिकॉप्टर जाऊ शकत नव्हते. दोघांनी बर्फात खड्डा खणून उणे बावीस अंशांत रात्र काढली. सकाळी स्वयंसेवी शोधपथकाने त्यांना आणले. पुतण्याच्या डाव्या पायाच्या दोन बोटांची टोके काढावी लागली.

सुतार आठवड्याने गाडी घेऊन आला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, “थांबल्यानंतर तापते, असे मी तुम्हांला पहिल्याच दिवशी म्हटले होते.” त्याने खरोखरच तसे म्हटले होते. चढावर थांबून पुन्हा निघालो की तापते, असे त्याचे पूर्ण वाक्य होते. आम्ही घाईत त्यातले पहिले आणि शेवटचे शब्द लिहून घेतले होते.

नवे पिस्टन घालून इंजिन पुन्हा उभे केले. मात्र या वेळी गाडी सपाट ठेवली नाही. साखळीने पुढचा भाग उचलून तीस अंशांचा चढ केला आणि टर्बोचार्जरकडून येणाऱ्या होज पाइपच्या जागी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. इंजिन तापविले, सर्व ठीक. बंद केले. तीन-चार मिनिटांत नळीत बुडबुडे दिसू लागले. इंजिन बंद असले तरी टर्बोचार्जर भट्टीसारखा तापलेला असतो. प्रवाह थांबल्यामुळे त्याच्या कवचातला कूलंट तेथेच उकळतो आणि वाफ होते. गाडी सपाट असते तेव्हा बाटली सर्वांत उंच. वाफ व हवा वर चढून बाटलीत निघून जाते. परंतु बाटली मध्यभागी आणि टर्बोचार्जर अगदी नाकाशी होता. गाडीचे तोंड चढाकडे होताच टर्बोचार्जरवरील होज पाइपची कमान बाटलीपेक्षा उंच झाली. वाफेला सुटायला वाट उरली नाही; ती कमानीत साचत गेली आणि तितकाच कूलंट बाटलीतून बाहेर सांडला. त्या कमानीचे दुसरे टोक पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडलेले होते. इंजिन सुरू करताच पंपाने ती सारी पोकळी ओढून घेतली आणि पाणी सोडले. तंतोतंत आमच्या विहिरीवरचा प्रकार. तापमान मोजणारा संवेदकही वाफेत राहिल्याने दिवा उशिरा लागला. तोवर पिस्टन गेले होते.

आम्ही हे कार्यशाळेच्या सपाट फरशीवर कितीही तास पाहत बसलो असतो तरी दिसले नसते. दोष गाडीच्या एका विशिष्ट अवस्थेत जन्मत होता, आणि ती अवस्था गिऱ्हाइकाने शब्दांत सांगितलेली होती.

उपाय फारसा कठीण नव्हता. कमान जितकी खाली घेता आली तितकी घेतली. तिच्या सर्वोच्च बिंदूपासून बाटलीपर्यंत बारीक वायुनळी टाकली. बाटली पुढे व उंच सरकविली, जेणेकरून सपाटीवर आणि चढावर दोन्ही वेळा तीच सर्वांत वर राहील. परतीचा पाइप पंपाच्या ओढीवरून काढला. कापलेला शीतक पुन्हा पूर्ण लांबीचा बसविला. त्याच्या वजनाबद्दल सुताराने कुरकुर केली, पण ऐकले. गाडी बंद करण्यापूर्वी दोन मिनिटे मंद चालू ठेवावी, म्हणजे टर्बोचार्जर थोडा निवतो, हेही त्याला सांगितले.

कूलंट भरताना हवा काढण्याची रीत याच तत्त्वावर आहे. हवा उंचाकडे जाते. म्हणून बाटली किंवा हवा काढण्याचा स्क्रू सर्वांत उंच येईल अशा रीतीने गाडी कलती करावी, सावकाश भरावे, होज पाइप हाताने दाबत राहावे. काही गाड्यांचे पुढचे टोक उचलावे लागते, काहींचे मागचे. ते त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. फेरफार केलेल्या गाडीला मात्र पुस्तिका लागू पडत नाही. तिच्यातून जाणारा प्रत्येक पाइप बोटाने चाचपडत त्याचा नकाशा कागदावर काढावा लागतो. आम्ही तो आता प्रत्येक गाडीचा काढतो. एक प्रत मालकाला देतो.

डोंगरात दिवा लागलाच तर काय करावे, हे आम्हांला नेहमी विचारले जाते. घट्ट वाट सोडून मऊ बर्फात शिरावे आणि जोर न देता थोडे अंतर जावे. उतार असेल तर गाडीचे तोंड आडवे किंवा खाली करून उभे राहावे. टनेलखालच्या शीतकांवर हाताने बर्फ लोटता येतो. तापलेल्या सिलिंडरवर मात्र बर्फ कधीही टाकू नये, धातू तडकतो. एक लिटर तयार मिश्रण, दोन-तीन क्लॅम्प आणि फावडे बरोबर असावे. एकट्याने जाऊ नये.

मागच्या फेब्रुवारीत सुतार पुन्हा आला. पुतण्या बरोबर होता; किंचित लंगडतो, पण बर्फात जाण्याची हौस तशीच आहे. गाडीला आणखी उंच दातांचा नवा पट्टा घातला होता आणि टनेलच्या छताशी बोटभरही जागा उरली नव्हती. “कूलंट कमी होतो,” सुतार म्हणाला. आम्ही वही उघडली, पेन घेतले आणि त्याला सांगितले, “सावकाश सांगा. कोठे होता, गाडी कशी उभी होती, किती वेळाने पाहिलेत, सगळे.” तो बोलत असताना पुतण्याने गाडीच्या मागच्या बाजूने टनेलखाली हात घातला होता.